बुडाशी भोक असलेली बाटली

मधूची मुलगी बाटलीभर दूध प्यायली की वर जायची. आधी हातभरच उचलली जायची, म्हणून घरात कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. बाराव्या दिवशी सकाळी मात्र ती थेट पंख्याच्या दांडीशी गेली आणि पाय पोटाशी घेऊन किंचाळायला लागली. पोट नुसतं टणक. बेंबीभोवती हिंगाचा लेप होता, त्याचा छताला पिवळा डाग पडला.

संध्याकाळी पाचला बारसं होतं. नाव ठेवायला मधूची थोरली बहीण कुमुदआत्या आदल्याच दिवशी मिरजेहून आली होती. तिकडे तिचं सायकलचं दुकान. तीस वर्षं पंक्चर काढण्यात गेलेली. हवेच्या बाबतीत तिला कुणी शिकवायचं नाही, आणि कुणी शिकवतही नसे. नाव फक्त तिलाच ठाऊक होतं. पण बाळ पाळण्यात टेकल्याशिवाय ते कानात सांगायचं कसं? अधांतरी सांगितलेलं नाव चिकटत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि बिननावाचं मूल उद्या खिडकीतून निघून गेलं, तर हाक तरी काय मारणार?

"वन्सं, या नव्या बाटलीनं पोटात हवा जाणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या," मधूची बायको रेवती रडवेली होऊन म्हणाली. "परवा खरंच बरी होती हो."

"रडतेस काय? मी आहे ना!"

आत्यानं पदर खोचला, शिडीवर चढून बाळाला काखेत घेतलं आणि बाटली तोंडाशी धरली. बाळानं दोन घोट ओढले न ओढले तोच निपल आत ओढलं जाऊन चपटं झालं. मग ते ओठांच्या कोपऱ्यातून फुसफुस हवा गिळायला लागलं. आत्यानं बाटलीच्या बुडावरून अंगठा फिरवला आणि जीभ चावली.

"अगं बाई! ही तर माझीच करणी."

काल आल्या आल्या तिला बाटलीच्या बुडाशी बारीक भोक दिसलं होतं. भोक दिसलं की तिचा हात थांबत नाही. सोल्यूशन लावून, ट्यूबचा तुकडा चिकटवून तिनं ते पक्कं बुजवलं होतं, वर बाटली बादलीत बुडवून बुडबुडा येत नाही हेही पाहून घेतलं होतं. आता तिला स्वतःची लाज वाटली. पण लाजत बसणारी बाई ती नव्हे. तिनं नखानं ठिगळ ओरबाडून काढलं. भोकातून बारीक शिट्टी वाजली, हवा आत गेली, निपल फुललं आणि बाळ शहाण्यासारखं प्यायला लागलं. तिच्या काखेत ते हळूहळू जड होत होतं.

"वन्सं, कपाट पुढं आलं," रेवती खालून म्हणाली.

"येऊ दे. दूध गेलं की त्याच्या जागी हवा लागतेच. पोरीच्या पोटात जाण्यापेक्षा ती खोलीतली गेलेली बरी."

दुसऱ्या बाटलीला बाळ खिडकीच्या उंचीवर आलं आणि पलंग उभा करावा लागला. तिसरीला शिडीची गरज उरली नाही, आणि शिडीला जागाही उरली नाही. रेवती पाय पोटाशी घेऊन पाळण्याखाली बसली. पाच वाजता बारशाच्या बायका आल्या, तेव्हा दार देवळीएवढं झालं होतं. त्यांनी बाहेरूनच "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" सुरू केलं. मधूनं घुगऱ्यांची वाटी आत सरकवली.

"ताई, जमतंय ना?"

"न जमायला काय झालं? वाजवा थाळी!"

चौथ्या बाटलीत शेवटचे चार घोट राहिले. बाळ पाळण्याच्या वर वीतभर तरंगत होतं. छत आत्याच्या अंबाड्याला लागलं होतं, भिंती दोन्ही खांद्यांना. एवढ्यात शिट्टी थांबली. खोलीतली हवा संपली होती. निपल चपटं झालं, बाळाचे पाय पुन्हा पोटाकडे निघाले. रेवतीनं खालून आत्याचा पदर ओढला. तिच्याकडे बोलायला श्वास उरला नव्हता.

आत्याच्या छातीत एक श्वास होता. नावापुरता तिनं तो सकाळपासून जपून ठेवला होता. तिनं बाळाच्या कानाकडे पाहिलं, मग बाटलीकडे पाहिलं. तीस वर्षांत भोकाशी तोंड नेऊन तिनं कधी काही सांगितलं नव्हतं. तिनं ओठ बुडाशी टेकवले आणि नाव आत सोडलं.

निपल फुललं. बाळ दोन घोट ओढून अल्लद पाळण्यात टेकलं, दोरी करकरली. बाटलीत दोन घोट दूध होतं, आणि त्याच्यावर ते नाव.

बाळानं एक घोट गिळला.