शास्त्राच्या कपाटाचं कुलूप

मी एक कुलूप. खरं तर आता माझे दोन तुकडे आहेत, पण शाळेच्या दप्तरात माझी नोंद अजून 'कुलूप, नग एक' अशीच आहे. सरकारी कागदावर लिहिलेलं खरं मानायची मला पहिल्यापासून सवय, म्हणून मीही स्वतःला एकच समजतो.

कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते इजिप्तमधल्या दुमियात बंदराच्या बाजारातलं लोखंडी सामानाचं दुकान. आम्ही चाळीसेकजण तिथे एका तारेला लटकलेलो असायचो. कुणी मासेमारी होडीवर गेलं, कुणी सोनाराकडे. मला फिक्रीकाकांनी उचललं. फिक्रीकाका मुलींच्या सरकारी शाळेतल्या प्रयोगशाळेचे भांडारी.

"दणकट दे बाबा," ते दुकानदाराला म्हणाले, "आमच्या मोठ्या बाईंची झोप उडालीय."

मला वाटलं, एखादा खजिना सांभाळायचा असेल. पाहतो तर काचेचे चंबू, परीक्षानळ्या, स्पिरिटचे दिवे आणि दोन सूक्ष्मदर्शक. म्हटलं, असो. पगार आपल्याला कुठे मिळायचाय!

मोठ्या बाई म्हणजे सौसन गोबाशी. एकोणीस वर्षं त्या याच शाळेत शास्त्र शिकवत होत्या. त्या काळी या कपाटाला कुलूप नव्हतंच म्हणे. दाराची मूठ सैल झाली होती, इतकं ते उघडलं जायचं. मग बाईंना मुख्याध्यापिकेची बढती मिळाली. शाळाभर मिशब्बिकची मिठाई वाटली गेली. बाईंचे यजमान बहगत कोरीवकाम करणारे कारागीर; सगळे त्यांना 'उस्ता', म्हणजे उस्ताद, म्हणायचे. त्यांनी बायकोसाठी पानाफुलांची नक्षी असलेली खुर्ची स्वतःच्या हाताने घडवून ऑफिसात आणून ठेवली.

तिसऱ्याच महिन्यात एका नव्या बाईंच्या तासाला चंबू तडकला आणि एका मुलीचा तळवा कापला. चार टाके पडले. तिचे वडील फाटकापासून ओरडत आले, जिल्हा कार्यालयातून चौकशीचा माणूस आला, आणि तीन दिवस सगळे एकच विचारत राहिले, "जबाबदार कोण?" जबाबदार अर्थातच नक्षीच्या खुर्चीत बसलेल्या. चौथ्या दिवशी मी आलो.

माझ्यासोबत एक हुकूमही आला. बाईंनी तो स्वतः लिहून कपाटावर चिकटवला: एकही वस्तू बाहेर काढायची असेल तर आठ दिवस आधी अर्ज, त्यावर शिक्षिका, भांडारी आणि मुख्याध्यापिका अशा तीन सह्या.

काय छान हुकूम होता! पुढच्या सात वर्षांत मी चारदा उघडलो. तीनदा तपासणीसाठी, एकदा मुंग्या झाल्या म्हणून. त्या काळात आतली एक नळीसुद्धा फुटली नाही. आमच्या प्रयोगशाळेला 'उत्तम निगा' असं लिहिलेलं प्रमाणपत्र मिळालं. ते घ्यायला बाई गेल्या होत्या, पण खरं काम कुणाचं, हे मला ठाऊक होतं.

बाई दुपारच्या वेळी प्रयोगशाळेत येऊन बसायच्या. प्रयोगासाठी नव्हे. इथे फोन लागत नाही म्हणून. गैरहजर शिक्षिकांचे तक्ते, नळदुरुस्तीची पत्रं, जप्त केलेल्या मोबाइलांची यादी असं सगळं त्या इथे शांतपणे भरायच्या. कपाटाकडे कधी बघायच्या नाहीत. मला तो विश्वास वाटायचा.

मग ती मार्चमधली दुपार आली. शेजारच्या वर्गात शास्त्राचा तास चालला होता, भिंत पातळ. "पाणी शंभर अंशांना उकळतं. लिहा. खाली रेघ मारा."

एका मुलीचा आवाज आला, "बाई, उकळताना जे बुडबुडे येतात, त्यांच्या आत काय असतं?"

"परीक्षेत येत नाही ते, रुफैदा. रेघ मारली का?"

बाईंची लेखणी थांबली. त्या पुटपुटल्या, "वाफ." मग स्वतःशीच जरा मोठ्यांदा, "अगं, वाफ! दाखवता येतं की ते!" त्या उठल्या, कपाटापाशी आल्या आणि माझ्यावर हात ठेवला. सात वर्षांत पहिल्यांदा. मग त्यांची नजर वर गेली आणि स्वतःचाच हुकूम त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज केला: मला मुख्याध्यापिका पदावरून मोकळं करावं आणि पुन्हा वर्गावर शास्त्र शिकवायला द्यावं.

जिल्हा कार्यालयातून तीनदा माणूस पाठवून विचारलं गेलं, की बाईंवर काही आरोप आहे का? तब्येत? घरात काही? 'शिकवावंसं वाटतं' हे कारण लिहायला त्यांच्या कागदावर रकानाच नव्हता. शेवटी कुणीतरी 'कौटुंबिक' असं लिहून प्रश्न सोडवला.

फिक्रीकाकांना तर सगळं आधीच कळलं होतं. चहाचा ग्लास ठेवत ते हळूच म्हणाले, "बाई, घरी शिकवण्या काढणार ना? हुशार आहात. वर्गावर असल्याशिवाय मुली कुठून मिळणार? माझ्या नातीला एक जागा धरून ठेवा."

"नाही काढणार, काका."

"नका सांगू, मी कुणाला बोलणार नाही," काका म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत शाळाभर बोलले.

ऑगस्टच्या शेवटी उस्ता बहगत खुर्ची न्यायला आले. बाईंची खोकी प्रयोगशाळेत आणून टाकताना दोघं इथेच बोलले.

"आख्ख्या दुमियातला मी खुर्च्या पुरवतो," उस्ता कपाळ पुसत म्हणाले. "डॉक्टर, नवरदेव, जज्ज, कुणाचीच परत आली नाही. ही पहिली."

"खुर्चीत खोट नाही हो."

"मग बसणारीत आहे?"

"बसण्यात आहे." बाई हसल्या. "तुमचा अपमान झाला का? खरं सांगा."

उस्तांनी खुर्चीच्या पाठीवरच्या नक्षीवरून अंगठा फिरवला. "बाजारात लोक विचारतात. काय सांगू त्यांना?"

"सांगा, माझ्या बायकोला उभं राहायचंय."

उस्ता खुर्ची खांद्यावर घेऊन गेले. नंतर कळलं, त्यांनी ती विकली नाही, कारखान्यात स्वतःच वापरायला घेतली.

सप्टेंबरात बाई वर्गावर आल्या. त्यांच्या हट्टावरून तास प्रयोगशाळेतच होऊ लागले, त्यामुळे मला सगळं दिसे. मला वाटलं होतं, आता गंमत येणार. आली, पण वेगळीच. अडतीस मुली हाताची घडी घालून, श्वास रोखून बसलेल्या. काल-परवापर्यंत ज्या बाई ध्वजापुढे माइकवरून नखं तपासायला सांगत होत्या, त्याच समोर. आणि बाईंनाही दुसरा आवाज सापडेना. गप्प बसलेल्या वर्गाला त्या म्हणाल्या, "शांतता!" मग म्हणाल्या, "सर्व विद्यार्थिनींनी नोंद घ्यावी की आज आपण उष्णता शिकणार आहोत." मुलींनी वह्या उघडून नोंद घेतली: 'आज आपण उष्णता शिकणार आहोत.' खाली रेघ मारली.

"कुणाला काही विचारायचंय?"

कुणालाच नव्हतं. दोन आठवडे कुणालाच नव्हतं. तास संपला की बाई रिकाम्या बाकावर बसून खडूची भुकटी झटकत राहायच्या. एकदा त्या फिक्रीकाकांना म्हणाल्या, "काका, मला येईनासं झालंय वाटतं." काका म्हणाले, "ऑफिस परत मागा, नव्या मोठ्या बाई, मिरवतबाई, काही वाईट नाहीत, देतील." काकांचं मन चांगलं होतं, पण सल्ला कधीच नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी तास सुरू केला तो खाली मान घालून. "मार्चमध्ये शेजारच्या वर्गात एका मुलीने एक प्रश्न विचारला होता. मी भिंतीपलीकडे होते. उत्तर मला येत होतं, तरी मी उठून आले नाही. रुफैदा कोण?"

मागच्या बाकावरची एक उंच मुलगी घाबरतच उभी राहिली. "बाई, मी परत नाही विचारणार."

"विचार. आत्ताच्या आत्ता विचार."

तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" हवा, कुणीतरी म्हणालं. प्राणवायू. उष्णता. एकीने 'काहीच नाही' म्हटलं आणि सगळ्या हसल्या. त्या खोलीत मी ऐकलेलं मुलींचं ते पहिलं हसू. बाई म्हणाल्या, "बघूया." आणि सरळ माझ्याकडे आल्या.

फिक्रीकाका आडवे आले. "अर्ज, बाई."

"काका, एक चंबू आणि एक दिवा."

"तुमचाच हुकूम आहे. मी काय वाचायला विसरलो होय?"

मला मनापासून आनंद झाला, हे कबूल करतो. नियम म्हणजे नियम.

बाईंनी अर्ज लिहिला. नव्या मोठ्या बाई, म्हणजे मिरवतबाई, स्वतः प्रयोगशाळेत आल्या. सात वर्षं त्या सौसनबाईंच्या हाताखाली उपमुख्याध्यापिका होत्या. "सही करायला माझं काय जातं," त्या म्हणाल्या, "पण पुन्हा कुणाचा हात कापला तर? तुम्ही इतक्या का घाबरत होतात, ते मला त्या टेबलामागे बसल्यावर कळलं. तेव्हा मी तुम्हाला मनात भित्री म्हणत होते."

"भित्रीच होते," सौसनबाई म्हणाल्या. "सही करशील?"

"आठ दिवसांनी. नियमात बसवूया निदान."

आठ दिवसांनी तिन्ही सह्या झाल्या. अडतीस मुली माना उंचावून उभ्या. फिक्रीकाकांनी किल्ली घातली. फिरली नाही.

शपथेवर सांगतो, मी हट्ट केला नाही. समुद्राची हवा, सात वर्षांचा मुक्काम, आत सगळं जाम झालेलं. काकांनी तेल सोडलं, ठोकलं, माझ्या आईबापांचा उद्धार केला. मी तसाच. सगळा कायदा पाळूनही कपाट उघडत नाही, असा प्रसंग मीसुद्धा कधी ऐकला नव्हता.

"कापा ना," मागून रुफैदा म्हणाली.

"गप्प!" काका ओरडले. "सरकारी वस्तू आहे. तोडायला समिती बसवावी लागते. अर्ज, पंचनामा, जिल्हा कार्यालय. परवानगीशिवाय तोडलं तर चौकशी लागते."

बाईंनी घड्याळात पाहिलं. तासाची पंचवीस मिनिटं उरली होती. मग फळ्याजवळच्या मुलीला त्या म्हणाल्या, "पलीकडच्या गल्लीत उस्ता बहगत यांचा कारखाना आहे. त्यांना म्हण, लोखंड कापायची करवत घेऊन या. आणि धावू नकोस, रस्ता बघून ओलांड."

उस्ता भुशाने माखलेले, दम लागलेले आले. करवत पुढे करत म्हणाले, "सरक, मी कापतो."

"नको. नाव माझं लागायचंय, तर हातही माझाच असू दे."

त्या कापू लागल्या. मला दुखत नाही, पण कानात अजून तो आवाज आहे. अर्ध्यावर आल्या असतील, तेवढ्यात दारात मिरवतबाई उभ्या. वर्ग थिजला. त्यांनी करवत पाहिली, मला पाहिलं, घामाने चिंब झालेल्या सौसनबाईंना पाहिलं, अडतीस चेहरे पाहिले. म्हणाल्या, "मी आत्ता गच्चीवरची टाकी बघायला गेलेय." आणि खरोखरच गेल्या.

मी खाली पडलो. माझी कमान इकडे, धड तिकडे.

मग जे झालं ते मी जमिनीवरून पाहिलं. चंबूत पाणी, खाली दिवा, बुचातून एक नळी निघून थंड पाण्याच्या भांड्यात बुडवलेली. आधी थोडी हवा बुडबुडत वर आली. मुली म्हणाल्या, "बघा, हवाच!" बाई म्हणाल्या, "थांबा." पाणी खळखळू लागलं, आणि मग नळीतून निघणारा बुडबुडा वर यायच्या आधीच टक् करून नाहीसा व्हायला लागला. टक्. टक्. टक्. वर काहीच येईना.

"कुठे गेले?" रुफैदा भांड्याला नाक लावून विचारत होती. "बाई, कुठे गेले ते?"

"तूच सांग."

"पाण्यात...? पाणीच झालं? म्हणजे आत पाणीच होतं!"

तेवढ्यात गर्दीत कुणाचा तरी कोपर लागला आणि एक परीक्षानळी फरशीवर फुटली. सगळ्या मागे सरकल्या. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, ते मी पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "हाताने उचलायची नाही काच. झाडू आणा. चला, पुढे बघा, पाणी आटतंय."

पंधरा दिवसांनी जिल्हा कार्यालयाचा माणूस आला. 'सरकारी मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान' असा लेखी ठपका बाईंच्या फायलीत लागला. सत्तावीस वर्षांत पहिला. त्यांनी सही करून घेतला, आणि त्या दुपारी एकट्याच बाकावर बसून रडल्या, हे मी कुणाला सांगणार नव्हतो. 'उत्तम निगा'वालं प्रमाणपत्रही परत मागवलं गेलं. कपाटाला आता साधी कडी आहे. दर महिन्याला दोन-तीन वस्तू फुटतात. बाईंचा तो माइकवरचा आवाजही कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही, परवाच एका मुलीला त्या म्हणाल्या, "सदर चंचुपात्र जागेवर ठेवावे."

मी मात्र कचऱ्यात गेलो नाही. गंजाच्या धड्याला लोखंड हवं होतं. रुफैदाच्या गटाने काचकागदाने घासून माझा काळा रंग काढला आणि दोन्ही तुकड्यांचं वजन वहीत लिहून ठेवलं. माझी कमान आता ओल शोषणारी चुनकळी घातलेल्या कोरड्या बरणीत आहे आणि धड मिठाच्या पाण्याच्या बरणीत. रोज अडतीसजणी येऊन मला बघतात, वहीत लिहितात. सात वर्षं कुणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. आज बाविसावा दिवस. अंगावर तांबूस पापुद्रे आलेत, पाणी गढूळ झालंय.

काल वर्गात वाद पेटला. रुफैदा म्हणते, गंज म्हणजे लोखंडात बाहेरचं काहीतरी येऊन बसतं, म्हणजे मी जड झालो असणार. तिच्या शेजारची म्हणते, गंज खातो, म्हणून हलका. बाईंना विचारलं, तर त्या नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" शेवटी ठरलं, शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की रविवारी मला पापुद्र्यांसकट वाळवून तराजूत घालायचं.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. दप्तरातून माझं नाव काढायचं असेल तर खुशाल काढा. पण साफसफाईच्या नादात कुणी ही बरणी ओतून टाकू नका. निदान रविवारपर्यंत तरी नको. मी जड झालोय की हलका, ते मला बघायचंय.