डावीकडची जागा

गोकुळनं घमेल्यातली चुन्याची फक्की मुठीमुठीनं सोडत तुरीच्या रिकाम्या वावरात लांबच लांब रेघ ओढली, विहिरीपाशी तिला गर्रकन वळवलं आणि बायकोला सांगितलं, हा झाला नॉर्वेचा रस्ता. वंदना वावराच्या कडेच्या धुऱ्यावर उभी राहून पदराआड हसली.

त्यांची लेक संजीवनी तिकडं नोकरीला. तिला सुट्टी नव्हती, पण आईबाबांनी भाड्याची गाडी घेऊन आठवडाभर समुद्राच्या कडेकडेनं फिरावंच, असा तिचा हट्ट. देश मुलखाचा महाग. दोघांच्या एका जेवणाच्या पैशात इथं सोनाळ्यात घराचा आठवड्याचा बाजार व्हावा. म्हणून काटकसरही तिनंच आखून दिली होती. गाडी लहान, मुक्काम तंबूत, ठेचा-पापड घरून, आणि ड्रायव्हर एकच. दुसरं नाव लिहिलं की भाडं वाढतं. ते एक नाव आज संध्याकाळी तिला कळवायचं होतं.

कोणाचं, हा प्रश्न गोकुळला पडलाच नव्हता. वंदनाही हौसेनं गाडी शिकली होती, लायसन काढलं होतं; पण नवरा सोबत असला की चावी त्याच्याकडं, हे ठरलेलं. आणि इकडं महिनाभर स्वप्नात तीच त्या रस्त्यानं गाडी चालवत होती. एका अंगाला पाणी, एका अंगाला डोंगर, आणि बाई गाडी चालवते म्हणून वळून बघणारं कोणी नाही. तिला फार वाटत होतं. बोलायचं तेवढं राहून जात होतं.

तिकडं उजव्या बाजूनं चालवायचं, त्याची ही तालीम. गोकुळ घरच्या गाडीतनं फेरी मारायचा आणि विहिरीपाशी आला की सवयीनं रेघ ओलांडून डावीकडं घुसायचा. संत्र्याचा व्यापारी शकूर धुऱ्यावर मोटारसायकल थांबवून बघत होता. क्रिकेटचं मैदान आखलं का, असं त्यानं विचारलं, तेव्हा गोकुळचा पारा चढला. चूक या गाडीची आहे, तो म्हणाला. तिकडं स्टेअरिंग डावीकडं असतं. तिथं बसल्याशिवाय अंदाज यायचा कसा?

"मले तुह्या जाग्यावर बसू दे," तो वंदनाला म्हणाला. "नजर बसवतो. तू चालव."

तिनं सीट पुढं ओढली, चावी फिरवली. गाडी अलगद निघाली. विहीर आली, वळण गेलं, रेघ होती तिथंच डाव्या हाताला राहिली.

आता हा काहीतरी चूक काढणार, म्हणून तिनं हळूच पाहिलं. रेघ गोकुळच्या खिडकीखालीच होती, पण त्याचं लक्ष नव्हतं. कोपर बाहेर टाकून तो सातपुड्याकडं बघत होता. उन्हं कलली होती. डोंगराच्या घड्या एकामागं एक निळ्या होत कुठंतरी आभाळात मिसळल्या होत्या. याच डोंगराखाली त्याचा जन्म गेला होता.

"थांबू काय?"

"नोको." मग तो म्हणाला, "बापा, इथून एवढं दिसते? तू कधी बोलली नाही."

"बोलत तर होती. तुमचं ध्यान रस्त्यावर राहे."

ती चालवत राहिली. उजेड उतरत गेला, पांढरी रेघ तेवढी उरली, आणि तिच्या पलीकडं पाणीच आहे असं तिला खरोखर वाटू लागलं.

फोन वाजला. संजीवनीच होती. गोकुळनं उचलला, तशी वंदनानं गाडी हळू केली.

"तुह्या मायचं नाव टाक," तो म्हणाला. मग पलीकडचं ऐकून, "नाही वं, एकच. दोघायचे पैसे काऊन भराचे?"

फोन खिशात टाकून त्यानं काच पार खाली घेतली.

"घे अजून एक फेरी," तो डोंगराकडं बघतच म्हणाला. "जरा हळू घेजो."