जो गैरहजर, तो चोर

मंचावरचा गप्पांचा कट्टा तुम्ही पुसलात, चालकसाहेब. कुलूप लावलं असतंत तर माणूस दाराशी तरी उभा राहिला असता. तुम्ही भिंतीसकट उचललात. कारण दिलंत एका ओळीचं: 'विषय सोडून चर्चा.' शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांच्या ऑनलाइन मंचावर मशीनचंच बोलायचं, हा तुमचा नियम. ठीक. पण मशीनचं बोलायला बॉबिनकडे गिऱ्हाइकं होती. बाकीचं बोलायला कोण होतं?

बॉबिन हे त्याचं मंचावरचं नाव. जिन्याखालच्या दुकानात तो एकटा बसे, वरच्या खोलीत एकटा जेवे. लेक फोनवर "बाबा, जेवलात ना?" विचारी आणि तो हो म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणाशी तरी बोलू लागलेली असे. दुपारी काम आटपलं की हाताचं तेल पुसून तो कट्ट्यावर जाई.

तिथला रिवाज एकच. जो गैरहजर, तो चोर. मंचाची तेलाची कुपी त्यानेच पळवली म्हणून सगळे त्याच्या नावाने शंख करत, आणि तो येऊन झकास थाप ठोकेपर्यंत पिच्छा सोडत नसत. कुपी मुळात नव्हतीच.

मध्यंतरी कात्री दिसेना. त्याची जीभ भलती चालायची, म्हणून ते नाव.

"मेल्याने कुपी लांबवली," झिगझॅग मावशीने सुरुवात केली. ती भरतकामाची मशीनं दुरुस्त करायची, भीडभाड कुणाची ठेवायची नाही.

"लांबवतोय कसला," बॉबिनने लिहिलं, "दोन पायऱ्यांत धाप लागते त्याला. प्यायला असेल तेल."

दुसऱ्या दिवशी कात्री उगवला. "इस्पितळात आहे रे. छातीला वायरी लावल्यात. कुपी माझ्याकडे नाही."

कट्टा लोळून हसला. मागच्या खेपेला तो चंद्रावर अडकला होता, त्याआधी सासूने त्याला पेटीत कोंडलं होतं. "त्या मानाने हे अगदीच अळणी," मावशी म्हणाली. बॉबिनने वर मीठ चोळलं, "वायरी उपट कात्र्या, आणि मुकाट कुपी आण."

उत्तर आलं नाही.

रुसला असेल, असं बॉबिनला वाटलं. मग एका बाईच्या मशीनचा पट्टा चढवताना त्याचा हात थांबला. कात्रीच्या थापेत सासू, शेजारी, जावई, सगळं खटलं असायचं. दोन-तीन वाक्यांत आटपणारा गडी नव्हता तो.

"काय झालं, दादा? मशीन गेलं का?"

"नाही ताई, मशीन ठणठणीत आहे."

तेलकट हातानेच त्याने फोन उघडला. 'कात्र्या, खरंच आहेस का रे तिथे? कुठलं इस्पितळ?' लिहून पाठवायला गेला, तर कट्टा नाही. खासगी निरोपाची सोय तुम्ही आधीच काढली होतीत. मशीनच्या सदरात त्याने मावशीला विचारलं, "कात्रीचं खरं नाव माहीत आहे का गं?" तिने लिहिलं, "नाही रे. कधी विचारलंच नाही." तेवढं दोघांनी वाचलं आणि तेही तुम्ही पुसलंत. विषय सोडून होतं ना.

बॉबिनने तुम्हाला लिहिलंय, तुम्ही ढिम्म. कट्ट्यावरच्या गप्पा फालतू होत्या, बरं. कट्टा नका देऊ परत. पण नाव नोंदवताना सगळ्यांचे फोन नंबर तुम्ही घेतलेत, कात्रीचाही घेतलात. त्यावर एक फोन लावा. उचलतं कोण, तो की त्याच्या घरचं कुणी, एवढंच बॉबिनला कळवा. लावताय की नाही?