आडवी धरलेली बॅटरी

रंगारी पहाटेपासून स्वतःच्याच संडासात अडकला होता. बाहेर बायको स्टूल टाकून बसली होती. घराच्या दाराची किल्ली तिच्या मुठीत होती.

बंदोबस्त उगीच नव्हता. मागल्या महिन्यात त्याच्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी ठरली होती. रक्त पडत होतं, आणि थोरला भाऊ याच दुखण्यात गेलेला. पोट साफ करायचं औषध अर्धं संध्याकाळी आणि अर्धं पहाटे घ्यायचं होतं. रंगाऱ्याने मनाशी सौदा केला, झोप कशाला मोडा? सगळं संध्याकाळीच रिचवून तो आडवा झाला. आदल्या दिवशी नुसतं पाण्यासारखं पातळ घ्यायचं, तर याने काकडी खाल्ली, बियांसकट. 'काकडीत पाणीच तर असतं' हा त्याचा खुलासा. डॉक्टरांनी निम्म्यातून दुर्बीण बाहेर काढली. आतलं काही दिसतच नव्हतं.

"रात्रभर वरून पित्त झिरपतं," नर्सने समजावलं, "धुतलेल्या भिंतीवर पुन्हा थर बसतो. म्हणून पहाटेचा डोस."

बायकोने तिथेच हिशेब चुकता केला. "ऐकलंत? पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारला, म्हणून माणसांना कामावरून हाकलता तुम्ही."

आज पुन्हा तपासणी होती. या खेपेला तिने फळं-भाज्या आधीच शेजारणीकडे नेऊन ठेवल्या. बिया नाहीत, सालं नाहीत, काल तर नुसती पेयं. औषध जगमध्ये कालवून बर्फात गार करून ठेवलं. एवढं करूनही भरवसा नव्हता, म्हणून किल्ली.

आत रंगाऱ्यासमोर भिंत होती. लोकांची घरं आरशासारखी करणाऱ्या माणसाच्या संडासाला पोपडे धरले होते. 'या सुट्टीत करतो' असं तो दर सुट्टीत म्हणायचा. आता नजर वळवायलाही जागा नव्हती.

"अगं, दार उघड. साइटवर नुसतं डोकावून येतो."

"साइट इथेच आहे. जगमध्ये किती उरलंय?"

"तळाला थोडं."

"पिऊन टाका."

"समुद्राचं पाणी यापेक्षा गोड असेल."

"लिंबाची फोड चोखा, मग प्या. आणि मध्ये जरा चाला."

"चालू कुठे? इथे गुडघा भिंतीला लागतोय."

"मग बाहेर येऊन खोलीत फेऱ्या मारा. मुख्य दार मात्र उघडायचं नाही."

थोड्या वेळाने आतून आवाज आला. "झालं बघ. साफ आलं एकदम."

बायको उठली, त्याच्या पिशवीतली बॅटरी काढली आणि दारावर टकटक केली. "पाणी सोडू नका. मला बघू द्या."

"लाज वाटते का काही?"

"गिऱ्हाइकाच्या भिंतीला तुम्ही बॅटरी आडवी लावून खोट काढता. तेव्हा त्याची लाज विचारता का?"

दार किलकिलं झालं. तिने बॅटरी आडवी धरली, वाकून पाहिलं.

"पिवळं आहे, पण गढूळ. तळाशी कण आहेत. अजून एक हात लागेल."

"चालतंय इतकं."

"दुसऱ्याच्या घरी चाललं असतं का?"

जगमध्ये दोन पेले तरी होते. थोडं म्हणण्याइतकं थोडं नव्हतंच ते. पेला त्याने बेसिनच्या कडेवर ठेवला होता, कलंडलाच तर आत जाईल असा. तिने ते पाहिलं आणि पेला उचलून त्याच्या हातात दिला.

"मागल्या वेळी काही दिसलं नाही," तो हळूच म्हणाला, "तेव्हा घरी येताना मला हलकं वाटलं होतं."

"मला दिसलं होतं ते."

"या वेळी दिसलं तर?"

"तर ते तिथे आजच आलेलं नसणार. भाऊजींचं बघायलाच उशीर झाला. तुम्ही पोपडे झाकून रंग मारता का?"

"खरवडतो आधी."

"मग."

ती पुन्हा स्टूलवर जाऊन बसली. बसण्याआधी किल्ली तिने मुठीतून काढून मुख्य दाराच्या कुलपात घातली. मनात असेल तर जावं, आता अडवणारं कुणी नव्हतं. रंगाऱ्याला ती खुडबुड ऐकू आली. त्याने लिंबाची फोड दाताखाली धरली, डोळे मिटले आणि पेला संपवला. मग दुसरा भरून घेतला.

बराच वेळ पोपडे बघत बसला. मग पाणी न सोडताच दार उघडलं.

"अगं," तो म्हणाला, "बॅटरी आण. आणि आडवी धर, सरळ धरलीस तर खोट दिसत नाही."