साडूपेक्षा अडीचशे कमी

हॉटेलच्या खोलीला सोळाशे पन्नासची बोली लागली, तर सुधाकररावांचा रात्रीमागे अडीचशेचा रोख फायदा होता. रोख नसलेला फायदा त्याहून मोठा. नाशिकच्या लग्नात, चार माणसांत, साडूला सहज म्हणता आलं असतं, ‘काय श्रीरामजी, एकोणीसशे? अरेरे, जास्तच गेले की!’ दुपारपासून हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात तीनदा म्हणून पाहिलं होतं. ‘अरेरे’ आधी की नंतर, तेवढंच ठरत नव्हतं.

श्रीरामराव म्हणजे बायकोच्या, उषाच्या, थोरल्या बहिणीचे, शोभनाचे यजमान. त्यांनी इंदूरच्या राजवाड्यावरून मटार आणला की तो चाळीसचा, यांनी आणला की साठचा. त्यांचा प्लॉट भाव चढायच्या आधीचा, यांचा नंतरचा. आता त्यांच्या मुलीनं, निधीनं, आईबापांना कायमचं बंगळूरला बोलावलं होतं. यांचा मुलगा आशिष पुण्याहून दिवाळीला मिठाईचे फोटो पाठवायचा. त्यात ही हॉटेल बुकिंगची साइट. शहरातला भाग निवडायचा, आपला भाव सांगायचा. एखाद्या हॉटेलला पटला की पैसे कापले जातात आणि मगच हॉटेलचं नाव दिसतं. कापलेले पैसे परत नाहीत. श्रीरामरावांनी गंगापूर रोडवरची चार हजारांची खोली एकोणीसशेत पटकावली होती.

“तोच भाग, तोच भाव टाका,” उषा पोळी लाटता लाटता म्हणाली. “ताईनं विचारून ठेवलंय, त्याच हॉटेलात खोल्या आहेत. दोन रात्री मी अन् ताई एका खोलीत, तुम्ही दोघे साडू दुसऱ्या.”

“घोरतात ते.”

“अन् तुम्ही काय बासरी वाजवता?”

एकाच इंदुरात राहून छत्तीस वर्षांत दोघी बहिणी एका छताखाली निजल्या नव्हत्या. तिकडे सासूचं आजारपण, इकडे सासऱ्यांचं, मग मुलांच्या परीक्षा. लग्नाहून परतल्यावर आठवड्याभरात शोभनाचं सामान ट्रकमध्ये चढणार होतं.

सुधाकररावांनी सोळाशे पन्नास टाकले. नामंजूर. भाव वाढवा, नाहीतर भाग वाढवा, असं साइट सांगत होती.

बत्तीस वर्षं त्यांनी मंडी समितीत धान्याचे लिलाव लिहिले होते. एकदा पुकारलेला भाव बदलणाऱ्या व्यापाऱ्याचं तिथं हसं व्हायचं. त्यांनी भाव तसाच ठेवला आणि भाग वाढवला: संपूर्ण शहर.

मंजूर.

“लागली! साडूपेक्षा अडीचशे कमी!”

उषा हात पुसत आली. तिनं नाव वाचलं, मग नकाशा पाहिला. अंबड, कारखान्यांच्या बाजूला. ताईच्या हॉटेलपासून नऊ-दहा किलोमीटर.

“एकोणीसशे सांगितले होते ना मी,” एवढंच ती म्हणाली.

तिनं ताईला कळवलं, तसा पाच मिनिटांत श्रीरामरावांचाच फोन आला. “अरे भिया, होतं असं! टेन्शन नका घेऊ. दोघी बहिणी इकडे राहतील, मी बॅग उचलून तुमच्याकडे येतो अंबडला. मजे करू अपन.”

उषा लाटणं हातात धरून उभी राहिली. ‘या’ एवढंच म्हणायचं होतं. पण सुधाकररावांना दिसलं ते वेगळंच: श्रीरामराव त्या खोलीत शिरताहेत, चादरीकडे बघताहेत आणि मोठ्या मनानं काहीच बोलत नाहीयेत. म्हणजे इथंही श्रीरामरावच वरचढ.

“नाही जमायचं श्रीरामजी. बुकिंग आमच्या दोघांच्या नावावर आहे. आधार कार्ड बघतात.”

“अरे, बोलके देख लेंगे ना!”

“नियम आहे तसा.”

उषानं तव्यावरची पोळी उलटली. ती केव्हाच करपली होती.

लग्नात सुधाकररावांनी ते वाक्य म्हटलं, ‘अरेरे’सकट. श्रीरामरावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “सोळाशे पन्नास? मान गये सुधाकरराव!” आणि ते मनापासून खूश होऊन आणखी दोघांना सांगायला गेले. सुधाकररावांना जिलबी गोड लागेना.

जाताना नवरा-बायको बसनं गेले होते. परतीला उषानं कुणाला न विचारता आपली बॅग श्रीरामरावांच्या गाडीत ठेवली आणि मागं ताईशेजारी बसली. दोघींचं बोलणं शेंदव्यापर्यंत थांबलं नाही. पुढे कधीतरी आवाज बारीक झाले. मानपूर गेलं, तशी उषा म्हणाली, “भाऊजी, गाडी जरा सावकाश घ्या.”

“का? मळमळतंय का?”

“नाही. इंदूर जवळ आलं.”

श्रीरामरावांनी आरशात एकदा पाहिलं आणि गाडी डाव्या बाजूला घेतली. ट्रक हॉर्न देत पुढे निघून जाऊ लागले.

पुढच्या सीटवर सुधाकररावांनी हिशेब मांडला. दोन रात्रींचे वाचले पाचशे. श्रीरामराव न्यायला येत होते, त्यांना नको म्हटलं, त्यामुळे अंबडहून कार्यालयापर्यंत रिक्षाला गेले आठशे चाळीस. तीनशे चाळीस स्वतःच्या अंगावर. दोन रात्री उषाच्या गेल्या. त्यांतलं जमेल तेवढं ती मागच्या सीटवर, ताशी चाळीसच्या वेगानं वसूल करत होती, आणि पेट्रोल श्रीरामरावांचं जळत होतं.