सहा ते सात

प्रकरण नऊ, बाबांच्या कादंबरीतलं.
सरकारने तिच्या मनगटात पट्टा अडकवला आहे. ती कुठे जाते, किती वेळ थांबते, सगळं एका दालनात भिंतीवर दिसतं. भिंतीसमोर एक माणूस बसलेला असतो. त्याला डोळे आहेत, चेहरा नाही.

घर.
आमच्याकडे आईचा फोन आहे. भाजी चिरताना तो डब्यांना टेकून उभा असतो. त्यातल्या नकाशावर आम्ही तिघं, तीन ठिपके. आईला चेहरा आहे. गोड आहे.

मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, मी मेणात एकेक दात बसवते. सहाला सुटते. सहा ते सात मी कुठे असते ते कुणालाही कळू नये, एवढंच मला हवं होतं. जेवताना तसं सांगितलंही.

"पण जायचंय कुठे?" आई.
"कुठेच नाही."
"मग लपवायचं काय त्यात?"
"कुणी आहे का गं?" बाबांनी डोळे मिचकावले. "असला तर सांग. आम्ही काही जुन्या वळणाचे नाही."
"कुणी नाही, बाबा. कुणी नकोय, म्हणून तर."
"मग कर की बंद. तुला कुणी अडवलंय?"

खरंच कुणी अडवलं नव्हतं.

प्रकरण दहा.
ती पट्टा कापते. भोंगे. कुत्री. शोधदिवे.

मंगळवार.
मी ठिपका बंद केला. भोंगा वाजला नाही. कापडाच्या दुकानामागे एक बाक आहे, समोर पोपडे आलेली भिंत. तिथे बसून नखांतलं मेण काढत राहिले. इतकं बरं वाटलं की भीतीच वाटली.

मग फोन. आई. आई. बाबा. आई. मावशी.
मावशी दुसऱ्या शहरात राहते.
"अगं, आहेस कुठे? तुझ्या आईचं बीपी वाढलंय!"
साडेसहाही झाले नव्हते.

घर.
आई रडत नव्हती. रडली असती तर मला भांडता आलं असतं. दंडाला बीपीचं यंत्र लावून ती शांत बसली होती.
"तू जा हो कुठेही. मी बसते अशीच."
बाबा दारात, पायात चपला.
"बंद करायचं तर सांगून करावं ना, बाळा."
"सांगितलं होतं."
"कधी करणार ते कुठे सांगितलंस?"

मी फोन काढला आणि माझ्याच बोटाने ठिपका सुरू केला. आईने तो आपल्या फोनवर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.
"आत्ता कसं हलकं वाटलं," म्हणाली.

प्रकरण अकरा.
जेवणं झाल्यावर बाबांनी वाचून दाखवलं. ती सीमा ओलांडते. पहाट होते. मागे वळून बघत नाही. वाचता वाचता बाबांचा आवाज भरून आला. आईने पदराने डोळे टिपले.
"सुटली बाई एकदाची."
"कसं झालंय?" बाबांनी मला विचारलं. "खरं सांग हं, भीड नको."
"हिला आईवडील नाहीत का?"
"अनाथ आहे ना ती. पहिल्याच प्रकरणात आलंय."
"मग पटतं," मी म्हणाले. "सुटेल ती."
बाबा इतके खूश झाले की त्यांनी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.