बादलीने दिलेली हवा

सांडपाण्याच्या प्रकल्पावर सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. पाणी स्वच्छ झाल्यावर टाक्यांच्या तळाशी उरणारा गाळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून लांब नेऊन टाकायचा, हे त्यांचं काम. वासाने कुणी नाक मुरडलं, की ते म्हणत, "अहो, तुमचीच देणगी आहे ही!"

आता त्यांची लेकच तिथे केमिस्ट म्हणून लागली आणि तिने एका छोट्या टाकीत गाळ खाणारे जिवाणू सोडले. डोळ्यांना दिसत नाहीत, पण खादाड एक नंबरचे! ते तगले, तर गाळ निम्म्यावर येणार होता. आणि तसं झालं, तर काकांचा ट्रॅक्टर बंद, हे साहेबांनी तोंडावर सांगून टाकलं होतं. घ्या! पोटची पोर बापाच्या पोटावर पाय देतेय, म्हणून लोक हसत. काकाही हसत, करतात काय?

सुट्टीच्या दिवशी दुपारी टाकीला हवा देणाऱ्या यंत्राचा पट्टा तुटला. पाण्यातले बुडबुडे थांबले. काकांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, हवा नसेल तर गुदमरून मरतील हो ते! मी नवा पट्टा घेऊन येते, पण वेळ लागेल." तिचा आवाज रडवेला झाला होता.

पंपवाला बाकावर पाय पसरून बसला होता. तो म्हणाला, "काका, आयती संधी चालून आलीय. गप बसा. मेले तर मेले, तुमच्यावर काही येत नाही."

खोटं कशाला सांगू, काका बसले. चांगले ऐसपैस बसले. संथ पाण्याकडे बघून त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. रात्रंदिवस या टाकीपायी जीव टाकणारी पोर, आणि आपण बाप म्हणवतो! ते ताडकन उठले. बादलीने टाकीतलं पाणी उपसलं आणि उंचावरून परत त्यातच ओतलं. पाणी फेसाळलं. पुन्हा उपसलं, पुन्हा ओतलं.

"वेड लागलं की काय तुम्हाला?"

"लागलं. दुसरी बादली घे."

पंपवाला कुरकुरत उठला, पण उठला.

लेक आली तेव्हा काका नखशिखान्त माखले होते. तिने पट्टा बसवला, मग थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

"जिवंत आहेत," ती म्हणाली, आणि एकदम हुंदका आला तिला. "बाबा, समोरची बस मी मुद्दाम सोडली. म्हटलं, मेले तर मरू देत. तुमचा ट्रॅक्टर तरी राहील."

"अगं गाढवे!" काका ओरडले. "आणि मी इथे खांदे मोडून घेतले!"

तिला जवळ घ्यायला त्यांनी हात पुढे केले, ते बरबटलेले बघून मागे घेतले. तीच येऊन बिलगली.